मंजू जेवते कुठे?

एप्रिल संपत आला की पनवेलच्या खाडीवरून येणारा वारा ओठांवर खारट लागतो. पाण्याचं भांडं तोंडाला लावलं तरी आधी वाऱ्याची चव येते, मग पाण्याची. यंदाही तसंच झालं. ठाण्याहून निघालेली एसटी गावाजवळ आली, खिडकीतून मिठागरांचे चौकोन दिसू लागले आणि त्यांच्या कडेला मिठाच्या राशी. दुपारच्या उन्हात ते पांढरं डोळ्यांत इतकं घुसत होतं की शेजारच्या बाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला. मी बघत राहिले. बांधावरून बायका चालल्या होत्या, डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन, एकीमागे एक. इतक्या लांबून कोणाचा चेहरा दिसत नाही, फक्त चाल दिसते. मी अजूनही एक चाल शोधते.

मीठ पिकतं, असं आमच्याकडे म्हणतात. भात पिकतं तसं मीठ पिकतं. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हाला द्यायचं आणि वाट बघायची. पण पिकल्यावर भाताइतका धीर त्याला नसतो. मे महिन्यात एखादा वळीव आला तर आठवड्याची मेहनत तासाभरात पुन्हा पाणी होऊन जाते. म्हणून एप्रिल-मेमध्ये मिठागरातल्या बायका उजाडायच्या आत घर सोडतात आणि दिवे लागायच्या वेळी परत येतात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या आळीतल्या हिराबायच्या पायांवरून कळलं. तिच्या टाचांच्या भेगांत मीठ बसलेलं असायचं आणि ती आमच्या ओटीच्या पायरीवर बसून ते तव्याच्या खरवडीसारखं नखाने काढायची.

मी सांगतेय ते घडलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मुंबईत नन्सच्या शाळेत शिकत होते, त्यांच्याच वसतिगृहात राहत होते आणि सुट्टीत पनवेलला यायचे. तिकडे मी मराठी मुलगी होते आणि इकडे आले की इंग्रजी शाळेची. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं. आळीतल्या तेलीणकाकू मात्र सोडायच्या नाहीत. मी दिसले की त्या घाण्याच्या दारातून ओरडायच्या, "काय गं, तुमच्या शाळेत बोलायला बंदी आहे का? की बोललं की दंड करतात?" मी हसायचे आणि आत पळायचे. हसणं हेही एक दार असतं. ते लोटून आत जाता येतं.

आमची आळी तळ्याच्या मागे होती. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा दवाखाना. समोर मरियमखालाचं घर. तिचा नवरा आगबोटीवर कामाला होता आणि वर्षातून एकदा पेट्या, अत्तर आणि दाढी घेऊन यायचा. तिच्या पलीकडे तेलीणकाकूंचा घाणा, दिवसभर कुरकुरणारा. आणि आळी जिथे संपून खाडीकाठच्या खाजणाची वाट सुरू होते तिथे हिराबायची एक खोली. हिराबाय आगरी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

मंजू तिची नव्हती. मंजूची आई घाटावरून मिठाच्या कामाला आलेली बाई होती. तिला ताप भरला तेव्हा हिराबायच तिला धरून बाबांच्या दवाखान्यात घेऊन आली. तिसऱ्या दिवशी ती बाई गेली. तिचं गाव कोणाला नीट ठाऊक नव्हतं आणि नवऱ्याचं नाव तिने घेतलं नव्हतं. तीन वर्षांची मंजू दवाखान्याच्या बाकाखाली हिराबायचा पदर मुठीत धरून बसली होती. आई सांगते, बाबा कागद लिहीत होते, लोक येत-जात होते, आणि हिराबाय तशीच बसून होती. तिने पदर सोडवून घेतला नाही. मूल घरात घेण्याचा जो काही विधी असेल तो एवढाच झाला.

पण विधवा बाई, मिठागरातलं काम आणि तीन वर्षांचं मूल, हे गणित एकटीचं नव्हतं. ते कोणी सोडवायला बसलं असंही नाही. मी सुट्टीला आले की काहीतरी बदललेलं दिसायचं. पहिल्या मे महिन्यात मंजू दुपारी आमच्या ओटीवर जेवायची आणि तिचं ताट बाहेरच्या कोनाड्यात वेगळं ठेवलेलं असायचं. दिवाळीच्या सुट्टीत आले तर ते ताट कोनाड्यात नव्हतं. स्वयंपाकघरात, आमच्या ताटांच्या चळतीत होतं. मी आईकडे बघितलं. आई पोळ्या लाटत होती. तिने वर पाहिलं नाही आणि मी विचारलं नाही. घरातल्या मोठ्या गोष्टी अशाच होतात, कोणीतरी भांडी घासून नेहमीच्या जागी ठेवून देतं.

सकाळी मंजू खालाच्या चुलीपाशी असायची. तांदळाच्या भाकरीचा पहिला पापुद्रा तिचा. दुपारी आमच्याकडे जेवण, मग घाण्याच्या खोलीत झोप, कारण बैलाच्या फेऱ्यांच्या त्या एकसुरी कुरकुरीत तिला हटकून डोळा लागायचा. जागी झाली की काकू तिच्या डोक्यावर इतकं तेल थापायच्या की ते कपाळावरून ओघळायचं. पापड वाळत घातले की काठी घेऊन कावळे हाकायचं काम मंजूचं. कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्या की त्यातल्या चोरायचं कामही तिचंच.

आणि हिराबायकडेही कोणाचं तरी लक्ष होतं, हे मला उशिरा दिसलं. संध्याकाळी ती परत येताना काकू वाटीभर कोमट तेल घेऊन दाराशी उभ्या असायच्या. "पाय दे इकडे," असं त्या दरडावून म्हणायच्या, जणू हिराबायने कुठला गुन्हा केला आहे. खाला तिच्या टाचांना मेंदीचा लेप द्यायची. श्रावणात हिराबाय महिनाभर खोकत होती तेव्हा तिची चूल पेटली नाही असं एकदाही झालं नाही. कोणी ना कोणी पेटवायचं. मूल सांभाळणाऱ्या बाईलाही कोणीतरी सांभाळावं लागतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या आळीत कोणी ते कधी उच्चारलं नाही. तेल मात्र गरम केलं.

मग तो कागद आला. मंजूची आई गेली तेव्हा बाबांनी नियमाप्रमाणे कचेरीत कळवलं होतं. दोन वर्षं तो कागद कुठे फिरला कोण जाणे, पण फिरत फिरत त्याला एक उत्तर फुटलं. मुंबईच्या एका बालसंस्थेच्या बाई मेच्या पहिल्या आठवड्यात पाहणीला येतील, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. मुलगी सांभाळकर्तीकडे ठेवायची की संस्थेत न्यायची, ते त्या ठरवतील.

बाबांनी कागद वाचून दाखवला तेव्हा हिराबाय पायरीवर बसली होती. तिने एकच विचारलं, "कंच्या दिवशी येनार?"

"ते लिहिलेलं नाही," बाबा म्हणाले.

"मंग मी किती दिस घरी बसू? आभाल भरतंय रोज. मुकादम दुसरी बाय घेईल." मग तिने मंजूकडे पाहिलं. मंजू आमच्या जात्याच्या खुंट्याला बाहुलीसारखी चिंधी गुंडाळत होती. "नेतील तिला?"

बाबा "बघू" म्हणाले. डॉक्टरांचं "बघू" काय असतं ते हिराबायने एकदा ऐकलं होतं. तिने मंजूला उचलून कडेवर घेतलं. त्या रात्री तिने मंजूला भरवलेला भात मी दारातून पाहिला. एकेक घास इतका लहान करत होती, जणू तो संपू नये.

बाकीच्या बायकांनी मात्र कंबर कसली. आमच्या मागच्या अंगणात त्यांची खलबतं झाली. मंजूला खालाने फ्रॉक शिवला, काकूंनी तिची नखं कापली, आईने तिला पाढे म्हणायला लावले. आपल्या मंजूला काही कमी नाही, हे मुंबईच्या बाईला दिसलं पाहिजे, एवढं त्यांचं ठरलं होतं. त्यातच घोटाळा होता, पण तो तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही नाही.

बाई आल्या त्या भर दुपारी. हिराबाय मिठागरात, बाबा जवळच्या आपटा गावी एका आजाऱ्याकडे गेलेले. पांढरी सुती साडी, काळी छत्री, पुरुषी सँडल आणि कातडी बॅग. चेहरा कडक नव्हता, थकलेला होता. त्या आमच्या ओटीवर खुर्चीत बसल्या, बॅगेतून कागद काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मुलगी जेवते कुठे?"

"आमच्याकडे!" तेलीणकाकू उत्तराची वाटच बघत होत्या.

"सकालची आमच्याकडं, बाई," खाला पुढे सरकली. "उठली का दारात हजर. अल्लाची कसम, माझ्या हातच्या भाकरीबिगर तोंड उघडत नाय."

"दुपारचं जेवण आमच्या घरी असतं," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच, पण ती पाहुण्यांसमोर बोलली हेच मोठं होतं.

"ते जेवण होय? वरणभाताने पोर मोठी होते का? पोटभर खाते ती माझ्याकडे," काकू म्हणाल्या.

बाईंनी तिघींकडे पाहिलं. "झोपते कुठे?"

"घाण्याच्या खोलीत. बैल फिरला की झोपली."

"आंघोळ?"

"तेल माझं, पाणी यांचं आणि साबण हिचा. आगबोटीवरचा, वासाचा!" काकूंनी खालाच्या पाठीवर थाप मारली. सगळ्या हसल्या. किती छान चाललं होतं.

"आणि जिच्या ताब्यात मुलगी दिली आहे, ती बाई?"

"हिरा? ती फार कष्टाची हो," काकू कौतुकाने म्हणाल्या. "घरी सापडायची नाही कधी तुम्हाला. उजाडायच्या आत जाते, ती दिवे लागल्यावर येते!"

बाईंनी मंजूला जवळ बोलावलं. "बाळ, तुझं घर कुठलं?"

मंजूने नव्या फ्रॉकमधून हात बाहेर काढला आणि आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. घाण्याचा बैलही त्यात आला. "हे," ती म्हणाली.

बायकांना इतका आनंद झाला की खालाने तिची दृष्ट काढली. बाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या.

मी कोकम सरबताचा ट्रे घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे मला शाळेत शिकवलं होतं. मी वाचलं. मुलीला निश्चित घर नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. सांभाळकर्ती दिवसभर गैरहजर असते. मुलगी शेजाऱ्यांच्या दयेवर जगते.

मी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.

आज मी मुंबईत एका कचेरीत नोकरी करते. असे कागद रोज माझ्या हाताखालून जातात. प्रत्येक रकान्यात एकच नाव मावेल एवढी जागा असते, आणि मी त्या जागेकडे जरा जास्त वेळ बघते. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. आमच्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या. प्रत्येकीने खरं तेच सांगितलं होतं. पण आमच्या आळीत एखाद्या बाईची बाजू घ्यायची पद्धत अशी होती की ती काय करते ते सांगायचं नाही, कारण ते तर सगळ्यांना दिसतंच. आपण तिच्या पाठीशी किती आहोत ते सांगायचं. "तिला काही कमी पडू देत नाही," हे आमच्याकडचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. मुंबईच्या कागदावर उतरताना त्याचा आरोप झाला.

मराठीत मी तोंड उघडलं नसतं. ओटीवर मोठी माणसं बसलेली असताना माझ्या वयाच्या मुलीने बोलायचं नसतं, हे त्या भाषेच्या हाडात होतं. पण वर्गात बाईंच्या प्रश्नाला उभं राहून, हात मागे घेऊन उत्तर द्यायची मला सवय होती, आणि ती सवय इंग्रजीत होती. मी ट्रे खाली ठेवला, हात मागे घेतले आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलंय ते यांनीच सांगितलं. पण ते उत्तर नाही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली.

"मग उत्तर काय?" बाईंनीही इंग्रजीतच विचारलं.

"ते हिराबायला विचारा. तिला न भेटता लिहू नका."

"उद्या दुपारच्या गाडीने मला परत जायचं आहे. ती घरी सापडत नाही म्हणतात."

"सकाळी मिठागरात चला. मी नेते."

त्यांनी चष्म्यावरून मला निरखलं. "तू या मुलीची कोण?"

मी मंजूचा हात धरला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सहा वाजता डाक बंगल्यावर ये," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी वाचलेलं सगळं मराठीत सांगितलं. मग खाला कपाळावर हात मारून म्हणाली, "या अल्ला! आमीच बुडवली का गो पोरीला?" काकूंनी घाण्याचं दार लावून घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी हिराबायला तेल चोळताना त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि त्यावरूनच हिराबायला सगळं कळलं.

मिठागर मी तोवर नेहमी लांबूनच पाहिलं होतं. सकाळी बाईंबरोबर बांधावरून चालताना कळलं की ते पांढरं नसतंच. करडं असतं, गुलाबी असतं, चिखलाच्या कडेला जांभळं असतं. पायाखाली मिठाचे खडे कुरकुरत होते. ऊन वर यायच्या आतच अंगाला चिकटत होतं. वाफ्यात दोन बायका फावड्याने मीठ ओढत होत्या, एक पाट्या भरत होती आणि बाकीच्या त्या डोक्यावर घेऊन राशीकडे जात होत्या. त्यांतली तिसरी हिराबाय. उंच, काटक, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, मान अजिबात न हलता.

ती थांबली नाही. थांबता येत नव्हतं. बाईच तिच्या बाजूने बांधावरून चालू लागल्या, छत्री सावरत.

"तुम्ही मुलीला शेजाऱ्यांवर टाकून येता, असं मला काल कळलं."

"कोन बोलला?"

"सगळ्याच."

हिराबाय पाटीखालून हसली. "त्या तशाच बोलनार. एकेकीला वाटतंय, मंजी माझीच." तिने राशीवर पाटी रिकामी केली आणि परत फिरली. मग तिचा चेहरा बदलला. "टाकत नाय बाई मी. देते."

"फरक काय?"

"हितं या. दावते."

पाटी भरली होती. भरणारीने एका बाजूने धरली, हिराबायने दुसऱ्या बाजूने, दोघींनी एका दमात ती उचलून हिराबायच्या डोक्यावर टेकवली. पण भरणारीने हात काढले नाहीत. हिराबायने पाय रोवले, मान सरळ केली, चुंबळ नीट बसली का ते अजमावलं आणि म्हणाली, "सोड." तेव्हा कुठे त्या बाईने हात काढले.

"पायलंत? 'सोड' बोलल्याबिगर हात काढायचा नाय. काढला तर मान मोडते. मिठागरातला कायदाच हाय." ती चालू लागली, बाई बरोबर. "तसंच मंजीचं. पहाटं मी मरियमच्या दारात उभी राहते, पोरीचा हात धरून. तिचे हात पिठात असतील, चूल धूर करत असंल. ती बोलली 'सोड', का मी हात सोडते. नाय बोलली, तर नाय. एकदा तिला ताप होता, ती बोलली नाय. मी मंजीला पाठुंगली मारून हितं आनली. त्या राशीच्या सावलीला बसली दिसभर. मंग मरियम डाक्टरनीच्या दारात नेते, डाक्टरीन बोलते 'सोड'. आनि सांजला मी जाते तवा समदं उलटं. त्या धरून बसतात आनि मी बोलते 'सोड'. ती तेलीन लवकर सोडत नाय, भांडावं लागतं."

मी ऐकत होते आणि मला एकेक सकाळ आठवत होती. अर्धवट झोपेत समोरच्या दारातून खालाचा तो एक शब्द मी कितीदा ऐकला होता. त्याचा अर्थ विचारावा असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्याच आईने तो शब्द दोन वर्षं रोज उच्चारला होता, आणि मी सुट्टीत तिथेच पुस्तक वाचत बसलेली असायचे.

"रात्री?" बाईंनी विचारलं. आता त्या प्रश्न विचारत होत्या, पण कागद बॅगेतच होता.

"रातचं जेवन माझं. त्यात कोनाला वाटा नाय. आंगावर ताप असला तरी मी रांधते, मी भरवते आनि माझ्या कुशीत झोपवते. विचारा कोनाला बी."

"एकटीने झेपत नसेल तर संस्थेत मुलीची सगळी सोय होते, हिराबाई."

हिराबाय पहिल्यांदाच थांबली. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन थांबली. मागच्या बायकाही थांबल्या, कारण बांध अरुंद होता. "एकटीनं?" ती म्हणाली. "पाटी कोन एकटीनं डोईवर घेते का बाई? उचलून द्याला दुसरी लागतेच. तिचे उपकार हायेत. पन मंग वाट कोन चालते? मी चालते ना? का ती पाटी भरनारीची झाली?"

मागून कोणीतरी ओरडलं, "हिरे, चल गो, ऊन मानंवर आला!"

पुढच्या फेरीला हिराबाय वाफ्याशी आली तेव्हा बाईंनी बॅग आणि छत्री माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि भरणारीला म्हणाल्या, "सरका जरा." मग पाटीची एक बाजू धरली. मीठ ओलं होतं. त्यांच्या पांढऱ्या साडीवर खारं पाणी ओघळलं, चष्मा नाकावर घसरला, पाटी वाकडी झाली. बायका खदखदा हसत होत्या. "अवो बाई, तुमी उचलताव का लोंबताव?" पाटी कशीबशी हिराबायच्या डोक्यावर बसली. बाईंनी हात मात्र काढले नाहीत. त्या हिराबायच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

हिराबायने मुद्दाम वेळ घेतला, असं मला आजही वाटतं.

"सोड," ती म्हणाली.

बाई दुपारच्या गाडीने गेल्या. लेखी कळवीन, एवढंच म्हणाल्या. त्यानंतरचे तीन आठवडे आळीने कसे काढले ते सांगता येत नाही. काकू आणि खाला दोनदा भांडल्या, मंजू पोटभर कोणाकडे जेवते यावरून, आणि दोनदा रडल्या. मंजूला त्या दिवसांत इतकं खाऊ घातलं की तिचं पोट बिघडलं. हिराबाय कामावर जात राहिली. रोज संध्याकाळी ती दवाखान्याच्या दाराशी येऊन बाबांकडे नुसती बघायची आणि बाबा मान हलवायचे, नाही.

पत्र आलं तेव्हा मिठागरांवरच्या राशी गवताने शाकारायला सुरुवात झाली होती. बाबांनी लिफाफा फोडला, वाचला आणि मला हाक मारली. "तूच वाचून दाखव सगळ्यांना. सुरुवात तू केलीस."

मी ओटीच्या कडेला उभी राहिले. समोर आई, काकू, खाला. एकेक वाक्य आधी मनात मराठीत लावून मग मोठ्याने म्हणत होते. सदर मुलीस सध्याच्या सांभाळकर्तीकडेच ठेवण्यात यावे. मुलीला निश्चित घर आहे. शेजारील तीन कुटुंबांची नावे साहाय्यक म्हणून या कागदास जोडण्यात येत आहेत. पाहणी दर वर्षी होईल.

"म्हणजे काय?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे मंजू इथेच राहणार."

काकूंनी जी आरोळी ठोकली त्याने घाण्याचा बैल थांबला. खालाने दोन्ही हात आभाळाकडे उचलले आणि मग तेच हात माझ्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडली. "माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते दाखव," काकू म्हणाल्या, आणि मी दाखवलेल्या अक्षरांकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "लहान काढलंय." मग म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. घाण्यावर तेल घ्यायला आलेली माणसं जमली. "यांच्यासाठी पुन्हा वाच. जरा मोठ्याने!" तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज आळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला असावा, कारण तिकडच्या बायका दारात आल्या. माझा आवाज एवढा लांब जातो हे मला ठाऊक नव्हतं.

यंदा एसटीतून उतरले तर नाक्यावर मंजू उभी होती. सतरा वर्षांची, माझ्याहून उंच. माझ्या हातातली पिशवी तिने काढून घेतली. मार्चमध्ये एसएससीची परीक्षा दिलीय, जूनमध्ये निकाल आहे, आणि पास झाली तर नर्सिंगला जायचं म्हणते. मी म्हटलं, पास होशीलच. तर म्हणाली, "सगळी आळी मला शिकवत होती ताई, नापास होऊन सांगू कोणाला?" अभ्यासाची खोली आमची, दिव्याचं तेल काकूंचं, फ्रॉक सोडून नेसलेली पहिली साडी खालाची. बाकी बोलणं सगळं हिराबायचं. "चल गो लवकर, आय वाट बघते," ती म्हणाली आणि झपाझप चालू लागली. मान अजिबात न हलता.

पण मला त्या पत्राच्या दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. हिराबाय दिवे लागताना परत आली. वाटेतच तिला दहा जणींनी बातमी सांगितली होती, तरी ती आपल्या खोलीकडे न जाता सरळ आमच्या पायरीवर येऊन बसली. मंजू धावत येऊन तिच्या मांडीवर पडली. हिराबायच्या हातांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं. ते हात तिने मंजूच्या पाठीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता माझ्यासाठी वाच, बाय."

मी चौथ्यांदा वाचलं, हळू. तिने एकदाही मध्ये विचारलं नाही. ती माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती. शेवटचं वाक्य संपलं. दर वर्षी पाहणी होईल.

"अजून काय लिवलंय?"

खाली फक्त सही होती आणि शिक्का. त्या कागदात हिराबायचं नाव एकदाच आलं होतं, तेही सांभाळकर्ती या शब्दाच्या मागे. ती वाट बघत होती. मी आयुष्यात तोवर खोटं बोलले नव्हते असं नाही, पण मोठ्याने कधी बोलले नव्हते. मी कागद जरा उचलून धरला आणि त्याच आवाजात, त्याच चालीवर वाचलं, "हिराबाईंनी या मुलीला उत्तम वाढवलं आहे. इतकं चांगलं घर मी आजवर क्वचितच पाहिलं."

हिराबायने मान खाली घातली. मग ती वळली. बाबा दवाखान्याच्या दारात येऊन उभे होते. ते कधी आले होते मला कळलंच नव्हतं. ते पत्र त्यांनी माझ्या आधी वाचलं होतं.

"डाक्टर," तिने विचारलं, "पोर बरोबर वाचते ना?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अक्षरन् अक्षर," ते म्हणाले.